मागची डावी बाजू

शहाडच्या पुलाकडे जाताना रत्नदीपचं गॅरेज लागतं. माणूस सरळ, पण गाडीचा आजार सापडला नाही की त्याला घास गिळवत नाही. मे महिन्यातल्या त्या दुपारी तर त्याने डबा उघडलाच नव्हता. केतनची गाडी तिसऱ्यांदा दारात आलेली.

केतन खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटं नाही. पठ्ठ्याने स्प्रिंगा कापून गाडी इतकी खाली बसवलेली, की खालून मांजरसुद्धा जायचं नाही. दिसायला झकास. पण मागचा डावा टायर आतल्या कडेने झिजून जायचा, डावा शॉकअप तेल ओकायचा, आणि उजवी बाजू मात्र कोरी करकरीत! रत्नदीपने दोनदा शॉकअप बदलला, दोन्ही वेळा महिनाभरात पुन्हा तेच. आता उद्या केतन बायकोला, हेमालीला, बाळंतपणासाठी माहेरी टिटवाळ्याला सोडणार होता. तिला आठवा सरत आलेला. भर रस्त्यात टायर फुटला तर?

टेपपेक्षा त्याचा बोटांवर जास्त विश्वास. टायर आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये बोटं घालून तो गाडी मापायचा. उजवीकडे तीन बोटं आरामात गेली. डावीकडे एक, तेही कसंबसं. मग त्याने डावी स्प्रिंग उजवीकडे घातली, उजवी डावीकडे. स्प्रिंग खराब असती तर दोष तिच्यामागोमाग गेला असता. गेला नाही. रबरं नवी, अ‍ॅक्सल सरळ, डिकी रिकामी, तरी डावीकडे एकच बोट. कुठेतरी पाणी मुरत होतं बघा, आणि ते लोखंडात नव्हतं.

शेवटी त्याने विचारलं, स्पीडब्रेकर कसा घेतोस रे? खाली बसवलेल्या गाड्यांची पोरं ब्रेकर तिरका घेतात, एक चाक आधी चढवतात, त्यानेही एक बाजू मार खाते. केतन म्हणाला, तिरकाच घेतो. आणि एवढं बोलून तो मागच्या डाव्या सीटकडे असा बघत राहिला, की रत्नदीपने हातातला पाना खाली ठेवला.

मग हळूहळू निघालं सगळं. आईमागे केतनला वाढवलं ते दगडाबाईने, त्याच्या काकीने. तिला स्वतःचं मूल नव्हतं. जानेवारीत एका सकाळी तिच्या छातीत कळा आल्या. केतनने तिला मागे डावीकडे बसवून कल्याण गाठायला घेतलं. गाडी खालून घासू नये म्हणून प्रत्येक ब्रेकर तिरका, अगदी गोगलगाय. काकी कण्हत होती, लवकर चल म्हणत होती, आणि ह्याचा जीव सायलेन्सरमध्ये. हॉस्पिटलसमोर दार उघडलं, तेव्हा काकीने मान टाकली होती.

"काही बोलली होती का रे..."

"हेमालीला तेव्हा चौथा होता, दादा. म्हणाली, बाळाला मांडीवर घेतल्याबिगर मी जायची नाय..."

रत्नदीप लहानपणापासून विहारात बसून भूतबित झूट हे शिकलेला. त्याला स्वतःच्याच अंगावरच्या काट्याचा राग आला. त्याने नव्या, न कापलेल्या स्प्रिंगा आणून चढवल्या. गाडी वर आली. उजवीकडे आता पाच बोटं. डावीकडे तीन.

आता एकच परीक्षा उरली होती. जो माणूस प्रवासाला बसणार, त्यालाच बसवून माप घ्यायचं, ही रत्नदीपची जुनी पद्धत. हेमाली बाजूच्या चहाच्या टपरीवर सावलीत बसली होती. त्याने तिला बोलावलं. केतन म्हणाला, उजवीकडे बसव. रत्नदीप ऐकेना. दोष डावीकडे आहे, तर वजन तिथेच टाकून बघायला नको?

"वहिनी, डावीकडे बसा."

हेमाली सावकाश बसली. रत्नदीप फटीत बोटं घालून उकिडवा बसला होता. गाडी तसूभरही खाली आली नाही. उघड्या दारातून मिशेरीचा वास आला, ओला, उग्र. काकी गेल्यापासून केतनच्या घरात मिशेरी लावणारं कुणी नव्हतं. रत्नदीपने हेमालीला लगेच उतरायला सांगितलं.

ती उतरली आणि पत्रा हलकेच वर उचलला गेला. चार बोटं... पाच. दोन्ही बाजू समान. केतनने आनंदाने त्याच्या पाठीत थाप मारली. रत्नदीपनेही सुटल्यासारखा श्वास सोडला, मग त्याने वर बघितलं. हेमाली दार धरून उभी होती, दुसरा हात पोटावर.

"सकाळपासून लाथा मारत होतं... आत्ता एकदम गप्प झालं. रडणाऱ्या पोराला कुणी उचलून घेतल्यावर होतं ना... तसं."

रत्नदीपने किल्ली केतनच्या हातात कोंबली. कल्याणला डॉक्टरकडे पळ म्हणाला, आत्ताच्या आत्ता. आपणच तिला तिथे बसवलं, हे त्याच्या मनातून जाईना. हेमाली मागे बसायला तयार नव्हती, म्हणून केतनने तिला पुढे घेतलं. गॅरेजसमोरचा ब्रेकर त्याने या वेळी सरळ आणि जोरात घेतला. गाडीचा मागचा भाग दोन्हीकडून सारखाच उसळला. मागची सीट खरोखरच रिकामी होती.