पृष्ठदृष्टी

डॉ. माधवी टेंभेकर अकराव्यांदा मरण पावल्या, तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते.

मरण अर्थातच पडद्यावरचे होते. दृष्टिविज्ञान प्रयोगशाळेच्या तिसऱ्या दालनातील मोठ्या पडद्यावर एक धिप्पाड योद्धा पालथा पडला होता, आणि त्याच्या पाठीमागे, दोन हातांच्या अंतरावरून, माधवीबाई त्याच्याकडे शांतपणे पाहत होत्या. बाजूला ठेवलेल्या चहाचा त्यांनी एक घोटही घेतला.

"बाई, तुम्ही आडोसा सोडून धावता," इंद्रनील चौबळ म्हणाला. "त्याला भिंतीला टेकवून खाली बसवा. कॅमेरा भिंतीवरून पलीकडचं बघतोच आहे. त्याला डोकं वर काढायची गरजच नाही."

"म्हणजे त्याला जे दिसत नाही, ते मला दिसतं?"

"तीच तर या खेळाची खुबी. लोक याला थर्ड पर्सन शूटर म्हणतात. दुसऱ्या प्रकारात कॅमेरा योद्ध्याच्या डोळ्यांत असतो, समोर फक्त बंदूक आणि दोन हात दिसतात. तिथे गोळी आली की खेळणारा खुर्चीत बसल्या बसल्या मान खाली घालतो. इथे कुणी मान घालत नाही. इथे आपण योद्धा नसतो, त्याच्या पाठीशी उभे असतो."

इंद्रनीलने असे तीन खेळ रचले होते आणि तिन्ही देशोदेशी खेळले जात होते. माधवीबाईंनी मात्र आयुष्याची छत्तीस वर्षे एकाच प्रश्नाला वाहिली होती. माणसाला आपण जिथे आहोत असे वाटते, ते तिथेच का वाटते, हा तो प्रश्न. या दोन टोकांच्या माणसांना एका छताखाली आणले होते ते पृष्ठदृष्टी नावाच्या उपकरणाने.

उपकरण कल्पनेला सोपे होते. मुठीएवढा उडता कॅमेरा माणसाच्या पाठीमागे दोन हातांवर, उजव्या खांद्याच्या बाजूला, जमिनीपासून पाच फूट उंचीवर तरंगत राही. त्याला त्यांनी अनुचर-नेत्र असे नाव दिले होते. त्याला दिसणारे दृश्य माणसाच्या बंद चष्म्यात उतरे. मग तो माणूस स्वतःला पाठमोरा पाही, खेळातल्या योद्ध्यासारखा. तो भिंतीमागे खाली बसला, तरी नेत्र त्याच उंचीवर राही आणि त्याला पलीकडचे दाखवी. ओलीस धरलेल्यांची सुटका करणाऱ्या पोलिस पथकाला असे उपकरण हवे होते. बारा जणांचे पथक गुरुवारपासून ते वापरू लागणार होते, आणि त्यासाठी निर्भयतेच्या प्रमाणपत्रावर माधवीबाईंची सही हवी होती.

"पण बाई, एक समजावून सांगा," इंद्रनीलने विचारले. "खेळात भीती वाटत नाही हे ठीक आहे. तो खोटाच आहे. खऱ्या शरीराबद्दलही भीती कशी वाटेनाशी होते?"

"कारण 'मी' कातडीच्या आत कायमचा बसवलेला नसतो," माधवीबाई म्हणाल्या. "मेंदू त्याची जागा क्षणोक्षणी ठरवत असतो. डोळे कुठून पाहतात आणि स्पर्श त्याच्याशी जुळतो का, एवढाच पुरावा त्याच्यापाशी असतो. तो पुरावा आपण थोडा बदलला, तर 'मी' उठतो आणि दोन हात मागे जाऊन बसतो. पुढे उरतं ते एक ओळखीचं शरीर. त्याची काळजी वाटते, पण पाय गोठवणारं भय वाटत नाही."

पाय गोठणे म्हणजे काय, हे उपनिरीक्षक रेश्मा गावित हिला ठाऊक होते. गेल्या वर्षी एका छाप्यात तिसऱ्या दाराशी तिची पावले चार सेकंद जमिनीला खिळली होती, आणि त्या चार सेकंदांत तिच्या मागच्या शिपायाने आपला पाय गमावला होता. नवापूरकडच्या एका लहान गावातून पथकात आलेली ती पहिली मुलगी होती. तिला एकच संधी देण्यात आली होती. पृष्ठदृष्टी जमली तर पथकात राहायचे, नाहीतर ठाण्यात टेबलाशी बसायचे.

ती आत आली, चष्मा चढवला आणि थोडा वेळ आपल्याच पाठीकडे पाहत राहिली.

"मॅडम, अंबाडा वाकडा बसलाय माझा. सगळं पथक रोज बघतं, एकानंसुद्धा सांगितलं नाही."

"सांगायची हिंमत कुणाची आहे?" इंद्रनील म्हणाला.

"तुम्ही तरी सांगायचं, सर. तुमच्या खेळातल्या बायका तर पळाल्या तरी केस हलत नाहीत त्यांचे."

माधवीबाई हसल्या आणि कामाला लागल्या. त्यांनी काठीच्या टोकाने रेश्माच्या छातीवर हलकेच रेघा ओढल्या, आणि त्याच लयीत दुसऱ्या काठीने नेत्राच्या खालची रिकामी हवा रेखली, म्हणजे छातीला जाणवणारा स्पर्श तिला नेत्रापाशीच होताना दिसे. तिसऱ्या मिनिटाला रेश्माचा श्वास बदलला. तिच्या 'मी'ची जागा हलली होती. मग रबरी हातोडा अचानक तिच्या खांद्याकडे झेपावला. बोटांच्या घामावरून भय मोजणाऱ्या यंत्रावरची रेषा सरळच राहिली.

"काय वाटलं?"

"त्या बाईला लागेल असं वाटलं."

"कोणत्या बाईला?"

रेश्माला हसू आले. "मलाच की, मॅडम. मीच ती."

चाचण्यांचा तक्ता इंद्रनीलच्या कार्यालयातून आला होता. खेळ बाजारात जाण्यापूर्वी त्याची कसून परीक्षा घेण्याची तेथे शिस्त होती, आणि तोच साचा त्याने इथे वापरला होता. योद्ध्यावर, म्हणजे इथे रेश्मावर, समोरून वार, बाजूने वार, आगीची धग, उंचीवरून उडी, अशा एक्केचाळीस चाचण्या झाल्या. एक्केचाळीस वेळा रेषा सरळ राहिली. माधवीबाईंनी तक्ता दोनदा वाचला. एकही रकाना रिकामा नव्हता, म्हणून त्यांना काही उणे दिसले नाही.

बुधवारी मैदानावर शेवटचा सराव झाला. शत्रूची भूमिका हवालदार सोपान दराडे यांच्याकडे होती. निवृत्तीला आलेला, बोलायला फटकळ आणि नेमबाजीत अचूक असा तो माणूस. बंदुकीत रबरी गोळ्या होत्या. माधवीबाई आणि इंद्रनील नियंत्रण-कक्षात बसून अनुचर-नेत्राला दिसणारे सारे आणि रेश्माच्या भयाची रेषा पाहत होते.

रेश्मा तीन दारे एखादे घरकाम उरकावे तशी ओलांडून गेली. चौथ्या खोलीत कमरेएवढी भिंत होती. ती तिच्यामागे खाली बसली. नेत्र भिंतीच्या वर तरंगत होता, आणि पलीकडे पोत्यांआड दराडे स्पष्ट दिसत होते.

"झालं," इंद्रनील म्हणाला. "तिला तो दिसतोय, त्याला ती दिसत नाही."

दराडेंना रेश्मा दिसत नव्हती हे खरे. पण भिंतीवर गुणगुणणारा काळा गोळा त्यांना दिसत होता. त्यांनी बंदूक उचलली आणि त्या काळ्या गोळ्यावर नेम धरला.

पडद्यावर बंदुकीची नळी थेट पाहणाऱ्यांकडे वळली. पहिली गोळी नेत्राच्या अगदी जवळून गेली. त्याच क्षणी भयाची रेषा उसळली आणि कागदाच्या वरच्या कडेला जाऊन भिडली.

त्यानंतर जे घडले ते दीड सेकंदात घडले. सुरक्षित बसलेली रेश्मा ताठ उभी राहिली, उजवीकडे झुकली, आणि पडदा तिच्या पाठीच्या खाकी रंगाने भरून गेला. दोन धप्प आवाज आले. भयाची रेषा अलगद खाली उतरली, आणि पुन्हा सरळ झाली.

एका गोळीने तिच्या गळपट्टीचे हाड मोडले होते. दुसरी श्वासनलिकेपासून दोन बोटांवर लागली होती. गोळ्या रबरी होत्या म्हणून ती वाचली, आणि दुपारी रुग्णखोलीत होती.

बाहेरच्या खोलीत माधवीबाई आणि इंद्रनील बसले होते, आणि दराडे दारातच उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. "मॅडम, मी पोरीवर नाही झाडली. त्या भुंग्यावर झाडली. ती भिंतीमागं नीट बसली होती. उगी उठून मधी कशाला यायचं?"

ते गेल्यावर इंद्रनील उठून खिडकीशी गेला.

"बाई, आमच्या खेळात कॅमेऱ्याला गोळी लागतच नाही," तो म्हणाला. "ती आरपार जाते. कॅमेरा म्हणजे वस्तूच नव्हे, नुसती जागा. त्यामुळे तो रकाना तक्त्यात कधी नव्हताच. मला सुचलंही नाही."

"तुम्हाला सुचणार नव्हतं. मला सुचायला हवं होतं," माधवीबाई म्हणाल्या. "भय नाहीसं झालं असं मी समजत होते. ते 'मी'च्या मागोमाग दोन हात मागे गेलं होतं, इतकंच. आणि आपण रोज पुढच्या घराचं दार वाजवून आत कुणी नाही, अशी नोंद करत होतो."

"नेत्राला भक्कम कवच घालू. गोळी लागलीच नाही तर?"

"मग तिला कशाचीच भीती उरणार नाही. तुमच्या त्या योद्ध्याला मी एका सकाळी अकरा वेळा मारलं, इंद्रनील. चहा पीत मारलं."

त्याने मान खाली घातली.

माधवीबाई आत गेल्या. प्रमाणपत्राचा कागद घडी करून त्यांनी पिशवीत ठेवला होता. त्यावर सही नव्हती, आणि पथक उद्या जुन्याच रीतीने जाणार होते. रेश्मा डोळे मिटून पडली होती. चष्मा नसल्याने वेदना आता पूर्णपणे तिची होती. पावले ऐकून तिने डोळे उघडले.

"मॅडम, मी गोठले नाही. तुम्ही पाहिलंत ना? साहेबांना तेवढं सांगा."

"सांगेन. रेश्मा, तू उभी का राहिलीस?"

तिला प्रश्नाचे नवल वाटले. "तो माझ्यावर गोळ्या झाडत होता, मॅडम. बंदूक सरळ माझ्या डोळ्यांवर धरली होती त्यानं. मी आडोसा घेतला."

"कशाचा?"

रेश्मा उत्तर द्यायला निघाली आणि थांबली. तिने पट्ट्यांनी बांधलेल्या आपल्या खांद्याकडे पाहिले, मग छातीशी जखडलेल्या हाताकडे.

"समोर जे होतं," ती हळू म्हणाली, "त्याचा."