वाळू नाचत नाही

पाचशे गोण्या वाळू ठेवली, तेव्हा आमचा पूल जरासा वाकला आणि गपचूप बसून राहिला. मग सोळा माणसांनी असं काय केलं, की तोच पूल पायाखालून उसळायला लागला?

हे कोडं मला पडलं तेव्हा मी पुलाच्या मधोमध कठडा धरून खाली बसले होते आणि मला रडू येत होतं. आधीच सांगते, मी, जाई भुवड, भित्री नाही. वाडीतल्या खोल विहिरीत मी आठव्या वर्षी उडी मारली आहे. पण त्या सकाळी माझी पाचावर धारण बसली होती. लपवून काय करू?

आमचं वेळशेत म्हणजे खाडीकाठचं छोटं शहर. खाडीच्या एका अंगाला बाजारपेठ, शाळा, दवाखाना. दुसऱ्या अंगाला आमची सडेवाडी. सन २०५८ उजाडलं, बाजारपेठेतल्या गाड्या चालकाशिवाय धावायला लागल्या, पण सडेवाडीची माणसं आपली होडीनेच खाडी ओलांडत होती. ओहोटीला होडी चिखलात रुतायची. मागच्या वर्षी शेजारच्या सुलूकाकूला साप चावला, तेव्हा ती पाऊण तास त्या चिखलात अडकली होती. काकू वाचली, पण तिचं कण्हणं अजून माझ्या कानात आहे. आणि आता माझ्या आईला आठवा महिना लागला होता.

म्हणून हा पूल. फक्त पायी जायचा, जाड लोखंडी दोरांवर टांगलेला. तो कुठे बांधायचा यावरून शहर सात वर्षं भांडलं. कुणाला बंदराजवळ हवा होता, कुणाला शाळेजवळ, कुणाला मुळीच नको होता. एकदाचा बांधून झाला. शिमग्याला ग्रामदेवीची पालखी त्यावरून नाचवत न्यायची आणि मग पूल खुला करायचा, असं ठरलं. आमच्याकडे रिवाजच आहे तसा. नवा रस्ता असो नाहीतर नवा एसटी थांबा, आधी तिथे पालखी नाचते, मग माणसं वापरतात. पालखीचा पुढचा खांदा माझ्या बाबांचा.

चार दिवस आधी सराव ठेवला होता. रिकामी पालखी, सोळा माणसं, एक ढोल. ढोल सुरू झाला, बाबांनी ठेका धरला, आणि थोड्याच वेळात पूल खाली जाऊ लागला, वर येऊ लागला. प्रत्येक ठोक्याला जरा जास्त. दोर कुरकुरले. ढोलवाल्याचा हात थांबला तरी पूल काही लगेच थांबेना. बाबांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. मी बाबांना तसं कधीच पाहिलं नव्हतं.

सगळे जीव मुठीत धरून काठावर पळाले. मी मात्र बसूनच राहिले, कारण पाय उचलतच नव्हते. तेवढ्यात कठड्याखालून आठ पायांचं एक यंत्र वर आलं.

"घाबरू नये. मी पूलनिरीक्षक यंत्र क्रमांक तीन," ते म्हणालं. ही आमच्या नगरपरिषदेची कुर्ली. खरं नाव कुणी घेत नाही. खेकड्यासारखी दिसते म्हणून कुर्ली. पुलाच्या पोटाखाली चिकटून राहायचं, खिळे तपासायचे, पूल किती हलतो ते मोजायचं, हे तिचं काम.

"घाबरू नये काय? पूल पडत होता!" मी ओरडले.

"पडत नव्हता. एकवीस मिलिमीटर वर-खाली होत होता. पहिल्या ठोक्याला एक मिलिमीटर, चाळिसाव्या ठोक्याला एकवीस. नोंद केली आहे."

"आणि ढोल चालूच राहिला असता तर?"

कुर्लीचे दोन्ही डोळे माझ्याकडे वळले. "पालखीबरोबर तीनशे माणसं नाचणार असतील, तर दीडशे ठोक्यांच्या आसपास दोराचे सांधे सुटू लागतील."

दीडशे ठोके म्हणजे सव्वा मिनिट. पुलाचं अर्धं अंतरसुद्धा होत नाही तेवढ्यात. पुढचा खांदा बाबांचा!

"मग आधी का नाही सांगितलंस गं शहाणे? चाचणी झाली होती ना?"

"चाचणी वजनाची होती. वाळूच्या गोण्या ठेवल्या. त्यांचं वजन तीनशे माणसांपेक्षा जास्त होतं." कुर्ली जरा थांबली. "पण वाळू नाचत नाही. माझ्या यादीत नाच नव्हता."

बसल्या बसल्या मी ते वाक्य दोनदा मनात म्हटलं. मग विचारलं, "पण नाचल्याने वजन थोडंच वाढतं?"

"तू झोपाळ्यावर धाकट्या मुलांना झोका देतेस?"

"देते की."

"एकाच धक्क्यात झोका उंच जातो?"

"छे! हळूहळू. झोका मागे येऊन वळला की धक्का द्यायचा. मध्येच ढकललं तर तो अडतो, वर आपल्यालाच लागतं."

"बरोबर. झोपाळ्याला त्याची स्वतःची एक लय असते. पुलालाही असते. दर सेकंदाला किती वेळा डोलायचं ते त्याचं ठरलेलं असतं. तिला स्वाभाविक वारंवारता (वस्तू आपल्या आपण एका सेकंदात जितके हेलकावे घेते तो आकडा) म्हणतात. तुमच्या पुलाची दोन आहे. आणि तुमच्या पालखीच्या ढोलाचे ठोके?"

मी मनातल्या मनात ढोल वाजवून पाहिला. धडाम्-धडाम्, धडाम्-धडाम्. एका सेकंदाला दोन.

"अगं आई गं," मी म्हणाले.

"प्रत्येक ठोक्याला सोळा माणसं पुलाला नेमक्या वेळी धक्का देत होती. धक्के लहानच होते, पण ते साठत गेले. याला अनुनाद (बाहेरच्या धक्क्यांची लय वस्तूच्या स्वतःच्या लयीशी जुळल्याने हेलकावे वाढत जाणं) म्हणतात."

कोडं सुटलं, पण भीती काही गेली नाही. उलट वाढली. आता मला माहीत होतं, आणि शिमगा चार दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात जनसुनावणी भरली. बाप रे, काय तो गोंगाट! अर्धे म्हणत होते, "पूल पाडा! आमची पोरं खाडीत घालायची आहेत काय?" ठेकेदार चाचणीचा कागद डोक्यावर नाचवत होता, "सही-शिक्का आहे बघा, पुलाला काही झालेलं नाही!" नगराध्यक्षा काझीबाई टेबलावर हात आपटून दमल्या. आई पहिल्या रांगेत पोटावर हात ठेवून बसली होती. पूल बंद झाला तर आईला होडीतून न्यायचं. पूल खुला झाला तर बाबा नाचत त्यावर जाणार. दोन्हीकडून मलाच भीती. मी काय करणार होते? उठले आणि म्हणाले, "मला एक दोरी आणि तीन नारळ हवेत."

सगळे हसले. हसू देत.

दोन खांबांना मी दोरी ताणून बांधली. तिला दोन नारळ हात-हात लांब सुतळीने टांगले, तिसरा वीतभर सुतळीने. मग लांब सुतळीचा एक नारळ हलवला आणि बाजूला झाले. बाकीच्यांना कुणी हात लावला नाही. काही क्षणांत लांब सुतळीचा दुसरा नारळ आपोआप डोलू लागला. आधी थोडा, मग चांगलाच. आखूड सुतळीचा मात्र नुसता थरथरत राहिला.

"भुताटकी!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि या वेळी कुणी हसलं नाही.

"भूत नाही," मी म्हणाले. "पहिला नारळ त्याच्या लयीत दोरीला ओढतोय. दुसऱ्याची सुतळी तेवढीच लांब, म्हणून त्याची लयही तीच. त्याला प्रत्येक ओढ नेमक्या वेळी मिळते. तिसऱ्याची लय वेगळी. त्याला एक ओढ पुढे नेते, दुसरी मागे खेचते. आपला पूल हा दुसरा नारळ आहे आणि आपला ढोल पहिला. पूल कच्चा नाही, देवीही रागावलेली नाही. त्यावरून हवे तेवढे चाला. फक्त एका ठेक्यात नाचू नका."

काझीबाईंनी भिंतीला चिकटून बसलेल्या कुर्लीकडे पाहिलं. कुर्ली म्हणाली, "मुलीचं म्हणणं बरोबर आहे. पुलाखाली डोलशामक (स्प्रिंगवर टांगलेलं जड वजन, पूल वर गेला की ते खाली ओढतं, त्यामुळे डोलणं विरतं) बसवला की नाचताही येईल. त्याला तीन महिने लागतील. तोपर्यंत पालखी ढोल न वाजवता न्यावी."

झालं! सोनूतात्या उठले. सोनूतात्या म्हणजे आमचे गावकर, पालखीचे पहिले मानकरी. त्यांचं वय ऐंशीच्या वर, आणि आवाज ढोलाहून मोठा.

"ढोल बंद?" ते गरजले. "पालखी घरोघर फिरते, तवा ढोल कुठं बंद होतो, ठाव हाय? ज्या घरात सुतक असतं, त्याच्या दारात! पूल मेलाय काय, म्हणून मी ढोल बंद करू? नाय जमणार. पालखी नाचत जाईल, नायतर जाणारच नाय!"

तात्यांच्या पुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. बाबांनी तर मान खालीच घातली. आता संपलं, असं वाटलं. तेवढ्यात माझी नजर आईकडे गेली. तिचा हात अजून पोटावरच होता.

"तात्या," मी म्हणाले, "ढोल आणखी एका दारात बंद होतो."

"कुठच्या गो?"

"घरात तान्हं बाळ असलं की. तुम्हीच हात वर करता, मी पाहिलंय. तेव्हा कुणी मेलेलं नसतं ना? आपला पूल मेला नाही, तात्या. तो तान्हा आहे."

तात्यांनी त्या डोलणाऱ्या नारळाकडे पाहिलं. मग त्यांनी हळूच हात वर केला, अगदी तसाच, ढोल थांबवताना करतात तसा.

शिमग्याच्या सकाळी पालखी पुलावर चढली. तीनशे माणसं, आणि ढोल मुका. मी बाबांच्या शेजारून चालत होते आणि कुर्ली कठड्यावरून आमच्याबरोबर सरकत होती. दर दहा पावलांनी ती आकडा सांगायची. "एक मिलिमीटर. एक. दोन." खाली भरतीचं काळंशार पाणी होतं. कुणी बोलत नव्हतं. नुसती पावलं वाजत होती.

आणि पुलाच्या मध्यावर ती पावलं मला एकसारखी ऐकू यायला लागली.

आधी वाटलं, भास होतोय. मग बाबांच्या पायांकडे पाहिलं. खांद्यावर पालखी आली की वीस वर्षं बाबांचे पाय नाचत आलेत. ढोल नव्हता, पण बाबांच्या अंगात तो वाजतच होता. त्यांचा गुडघा लवत होता आणि मागचे सगळे, नकळत, त्यांच्या पायात पाय मिळवत होते.

"पाच," कुर्ली म्हणाली. "नऊ. चौदा."

पूल वर आला. खाली गेला. कुणीतरी किंचाळलं. मागची माणसं वळली. ती पळायला लागली असती तर चेंगराचेंगरीच झाली असती.

"थांबा!" मी जीव खाऊन ओरडले. "पळू नका! जिथे आहात तिथे उभे राहा! बाबा, पाय थांबवा! पाय!"

बाबा दचकले. त्यांनी स्वतःच्या पायांकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कुणाचे असावेत. मग ते घट्ट उभे राहिले. मागून तात्यांचा आवाज आला, "पोरगी सांगते तसं करा रे! खांब होऊन उभे राहा!"

तीनशे माणसं उभी राहिली. पूल अजून डोलत होता. मी बाबांचा सदरा मुठीत धरला होता आणि डोळे मिटले होते. धक्का देणं थांबलं की झोका थांबतो, मी स्वतःला सांगत होते. थांबतोच. थांबायलाच हवा.

"अकरा," कुर्ली म्हणाली. "सात. चार." मग खूप वेळाने, "एक."

बाबांनी श्वास सोडला. "जाये, आता कसं चालू? माझे पाय ऐकत नाहीत गं."

"मोडके चाला. एक लांब, एक आखूड. मध्येच थांबा. मी सांगते तसं."

आणि वेळशेतच्या देवीची पालखी तशी गेली. कुणी लांब टांगा टाकत, कुणी तुरुतुरु, तात्या काठी टेकत. पलीकडच्या काठावर, सडेवाडीच्या पक्क्या जमिनीवर शेवटचं पाऊल पडलं आणि तात्यांनी ढोलवाल्याला खूण केली. असा ढोल मी जन्मात ऐकला नव्हता. बाबा नाचले, रडत रडत नाचले. मीही रडले, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

पुढच्या महिन्यात आईला कळा सुरू झाल्या, तेव्हा नेमकी ओहोटी होती. होड्या चिखलात आडव्या पडल्या होत्या. आम्ही पुलावरून निघालो. आई सुलूकाकूच्या खांद्यावर भार टाकून, मी पुढे, बाबा मागे. मला भीती वाटत होती, पण पुलाची नाही. दहा मिनिटांत आम्ही दवाखान्यात होतो.

डोलशामकाचं वजन आता पुलाखाली टांगलं गेलंय, आणि येत्या शिमग्याला पालखी पुलावर नाचणार आहे. कुर्लीच्या यादीतही आता नाच आहे. सगळ्यात वर. तरी बाबा अजून पुलावरून मोडकेच चालतात, एक लांब, एक आखूड. लोक हसतात.

आईला दवाखान्यात नेलं त्या वेळची कुर्लीची नोंद मी मागून घेतली आहे. ती माझ्या वहीत चिकटवलेली आहे. तिच्यात लिहिलंय: "जाताना माणसं चार. चार दिवसांनी, येताना माणसं पाच. पुलाचं डोलणं नगण्य. पाचवं माणूस झोपलेलं होतं."