सालेरोतलं मीठ

"भांडं मीच चोरलं म्हणतात. आज संध्याकाळी मला नाचाच्या पथकातून काढणार आहेत," अरासेली कशीबशी म्हणाली.

कासिल्दा बारेआनं कॉफी बाजूला सारली. स्पेनमधल्या सान फर्नांदोत मिठागरं अजून पांढरीशुभ्र दिसायची, त्या काळी गावात ती एकटीच खासगी गुप्तहेर होती.

"मिठाच्या भांड्यासाठी एवढं, वहिनी?" कासिल्दाचा दीर फर्मीन यानं विचारलं.

"भावजी, शब्दच बघा ना: साल म्हणजे मीठ, सालेरो म्हणजे त्याचं भांडं. मिठानं जेवणाला चव येते, तशी नाचाला जिच्यामुळे येते, तिच्या अंगात सालेरो आहे म्हणतात. भांड्यावरूनच त्या चैतन्याला नाव पडलं. शाळेतलं चांदीचं भांडं दर सणाला अशाच मुलीला देतात."

नाचाच्या शाळेत रिकाम्या फडताळाखाली मीठ सांडलं होतं. फडताळासमोर उभं राहिलं, तर मागे डावीकडे खुंटीवर काळी शाल होती. तिच्या झालरीतही चिमूटभर मीठ अडकलेलं.

"घाईत उडालं असेल," फर्मीन म्हणाला.

"मागे? एवढ्या लांब?"

चोरी झाली त्या दुपारी शाळेत अरासेलीसह तिघंच होते. गिटारवाला निकासिओ म्हणाला, "मी अंगणात वाजवत होतो."

"क्षणभर थांबला नाही मेला! डोळ्याला डोळा लागू दिला नाही," शेजारीण भिंतीपलीकडून ओरडली.

बाई रेमेदिओस, शाळेच्या गुरू, ताठ बसल्या होत्या. त्यांनी अरासेलीकडे बोट केलं. "जर्मनीत वाढलेली पोर ही! काल जेवताना मीठ सांडलं, तर फडक्यानं पुसून मोकळी. आम्ही सगळे बघतच राहिलो. हिच्यात कुठला आलाय सालेरो?"

कासिल्दा उठली.

"मीठ सांडलं की आपल्याकडे माणूस काय करतो, भावजी?"

"चिमूटभर डाव्या खांद्यावरून मागे टाकतो. अपशकुन टळावा म्हणून."

"चोरानं भांडं उचललं, मीठ सांडलं, आणि चोरी करतानाही हात सवयीनं मागे गेला. अरासेलीला ही रीतच ठाऊक नाही, हे बाईंनीच सांगितलं. निकासिओची गिटार थांबली नाही. उरलं कोण?"

रेमेदिओसनी पेटीतल्या झग्याखालून भांडं काढून अरासेलीपुढे धरलं.

"यंदा हिलाच द्यावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. "ही नाचते तेव्हा माझ्याकडे कुणी बघत नाही. स्वतः मीसुद्धा."

अरासेलीनं भांडं घेतलं नाही.

"संध्याकाळी द्या, बाई. सगळ्यांसमोर. आणि कुणी लपवलं होतं, तेही सांगा."