नंदलालचं प्रस्थान

पोरींनो, माणसानं निघायचं म्हटलं की निघावं. साऱ्या गावाकडून कपाळाला टिळा लावून घ्यायचा, बायांना रडवायचं, हातात नारळ घ्यायचा, घराला कुलूप ठोकायचं… आणि मग गल्लीच्या दुसऱ्या टोकाला माझ्या ओसरीवर येऊन पाण्याचा लोटा मागायचा! याला काय वागणं म्हणतात? नंदलालनं अगदी हेच केलं. रंगूनला निघालेला माणूस माझ्या दारात येऊन बसला तो बसलाच.

त्याची एकुलती पोर शामकला तिकडे रंगूनला नांदत होती. जावई तिथल्या धानाच्या गिरणीत कामाला. पोरीचं पहिलं बाळंतपण जवळ आलेलं, आणि आई सुखवंता तर कधीचीच देवाघरी गेलेली. मग बापालाच निरोप आला, बाबा तुम्ही या. रेल्वेनं कलकत्ता, आणि कलकत्त्याहून जहाज. आमच्या गावात जहाज पाहिलेला माणूस एकच, गोवर्धन. बाकीच्यांची धाव वैनगंगेपर्यंत.

भैयाजी जोशांनी पंचांग उघडलं आणि सांगितलं, मुहूर्त आजचा, पुढं लवकर दुसरा नाही. पण जहाज सुटायला तर अजून अवकाश होता. अशा वेळी आमच्याकडे प्रस्थान ठेवतात. पिवळ्या फडक्यात तांदूळ, हळकुंड, सुपारी बांधायची आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायची. ती पोटली ठेवली की माणूस निघाला असं धरतात. मग त्यानं जाऊन येईपर्यंत आपल्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. कलकत्ता पूर्वेला. आणि गावाच्या पूर्वेचं शेवटचं घर माझं.

"वहिनी, ठेवू का हे तुमच्या देवघरात?"

"पोटली ठेवा जी. मानूस कोठी ठेवू?"

"मानूस ओसरीवर मावते."

दाराआड माझी सून तुलसा फिसकन हसली. मी तिच्याकडे पाहिलं तशी ती चुलीकडे पळाली.

माझे मालक आणि नंदलाल जुने सोबती. मालक गेले तेव्हापासून तो माझ्या दारात आला नव्हता; एकट्या बाईच्या घरी कशाला जायचं, म्हणून. वाटेत दिसला तर "वहिनी, बरं आहे ना?" एवढंच. आणि माझं बरंच होतं. शेती, गडी, बैल, पोराचं लग्न, सारं मी माझ्या जिभेच्या जोरावर चालवलं होतं. पोरगा लक्ष्मीचंद गोंदियाच्या मिलमध्ये लागला, सून घरात आली. घर भरलेलं होतं. पण त्या भरल्या घरात माझ्याशी कोणी बोलत नसे… मला विचारत असत. बाई, धान किती काढू? आई, भाजी कायची करू? उत्तर मिळालं की पाठ फिरली.

पहिल्या रात्री तुलसानं नंदलालला ताट वाढलं. त्यानं भाताला हात लावला आणि थांबला.

"तुमी जेवल्या का?"

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मलाच विचारत होता.

"माह्यं मागून राहते," मी म्हटलं. "तुमी जेवा. थंडं होऊन राहिलं."

तो जेवला.

दुसऱ्या दिवशी गोवर्धन येऊन त्याला समजावून गेला. जहाज सुटायच्या आदल्या दिवशीच घाटाजवळ पोचायचं, धर्मशाळेत टेकायचं. पहिल्यांदा जाणाऱ्यानं तर त्याहूनही आधी, कारण त्याला कुठं उभं राहायचं तेही कळत नाही. सकाळी डाक्टर साऱ्यांना उन्हात रांगेत उभं करतो, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहतो. लवकर चढला त्याला सावलीत सतरंजी पसरायला जागा मिळते. उशिरा चढला त्याला इंजिनाची तापलेली भिंत. आणि त्याहून उशिरा आला तर चढायची फळी उचललेली असते, घाटावर उभं राहून धूर पाहायचा. जावयाच्या ओळखीचा माणूस याच जहाजानं जाणार होता, नंदलालचं तिकीट घेऊन तो घाटावर थांबणार होता.

गोवर्धन गेला तसं मी म्हटलं, "आईकलं ना जी? मंग उद्याच्याच मेलनं निघा."

"एवढी घाई कायले? आपल्या नदीवर ढिवर डोंगा थांबवते का नाही? काठावरून हाक देली का थांबते."

"तुमच्या हाकेनं जहाज थांबनार? इथं तुमच्या हाकेनं कुत्रं थांबत नाही."

"मंग तुमी चाला हाक माराले. तुमच्या हाकेनं तं साऱ्या गावचे बैल उभे राहतात."

मला हसू फुटलं. पदर तोंडाला लावला तरी आवाज बाहेर गेलाच. तुलसा घाबरून बाहेर आली, काय झालं म्हणून. सासूचं हसणं तिनं लग्न होऊन आल्यापासून ऐकलं नव्हतं बिचारीनं.

मेल गेली. त्यानं सांगितलं, आज गाडीत गर्दी असेल. मग म्हणाला, पाय मुरगळला. मुरगळलेला पाय घेऊन तो खळ्यावर जाऊन माझ्या गड्यांना धानाची रास लावू लागायचा! थंडी पडली होती. नव्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा वास घरभर यायचा. दिवस कलला की मी अंगणात शेकोटी लावायची आणि तो समोर येऊन बसायचा. धूर माझ्याकडे आला की उठायचा, आपली जागा मला द्यायचा आणि धुरात स्वतः बसायचा. डोळे पुसत बसून राहायचा.

एकदा म्हणाला, "गाव मले गेलेला समजते. वाटंत दिसलो तं लोक तोंड फिरवतात. बोललं तं जानाऱ्याले अपशकुन होते म्हनतात… आपल्याच गावात मी परका झालो."

"मंग माह्याशी बोला," मी म्हटलं. "मी विधवा बाई. मले पाहून लोक रोजच तोंड फिरवतात. माह्याकडून अजून कोन्ता अपशकुन होनार?"

तो लाकूड सारत होता, ते हातातच राहिलं.

"असं नका बोलू… धुरपता."

वहिनी नाही, बाई नाही. माझं नाव. मालक गेल्यावर त्या नावानं मला हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं. मी उठले आणि उगाच बैलांना पेंढी टाकायला गेले. बैलांसमोर आधीच ढीग होता.

त्यानंतरच्या संध्याकाळी तुलसानं तळ्याचे शिंगाडे उकडले. काळ्या सालीचे, काटेरी, बोटं रंगवणारे. नंदलाल एकेक सोलायचा आणि माझ्या बाजूच्या पानावर ठेवायचा. स्वतः एकही खाल्ला नाही.

"तुमी नाही खात काऊन?"

"मले सोलाले आवडते."

"खोटं बोलून राहिले."

"हो," तो म्हणाला आणि पुढचा सोलायला घेतला.

पोरींनो, शिंगाडा गोड असतो की नसतो ते मला विचारू नका. मला त्या दिवशी चव कळली नाही.

आणि अशातच दुपारी गोवर्धन दारात उभा. नंदलालला पाहून त्यानं कपाळाला हात लावला.

"मामाजी! तुमी अजून इथंच? आजची मेल भेटली तं आदल्या दिवशी पोचाल. उद्या निघाल तं फळी उचललेली दिसनार. तो मानूस तिकीट घेऊन घाटावर कोनाची वाट पाहीन? अन् तिकडं शामकला… दिवस भरले ना तिचे!"

नंदलालनं मान फिरवली. ओसरीच्या खांबाकडे पाहत राहिला. गोवर्धन माझ्याकडे पाहून, काही समजल्यासारखा, चपला घालून निघून गेला.

मी समोर जाऊन उभी राहिले.

"काऊन नाही गेले जी? खरं सांगा. पायाचं नका सांगू."

"तुमी एकदाही थांबा म्हटलं नाही."

"मी थांबा कायले म्हनू?"

"पन जा तरी कोठी म्हटलं, धुरपता? एकदाच म्हटलं. त्याच्यानंतर… नाही म्हटलं."

खरं होतं.

तो खालच्या आवाजात सांगू लागला. जावयाचा निरोप होता, आता एकटे गावात काय करता, इकडेच राहा, नातवंडं खेळवा. एकदा गेलो तर ते लोक परत येऊ देणार नाहीत, आणि मलाही पोरीला सोडून निघवणार नाही. "तू फक्त थांब म्हन. मी थांबतो. जहाज जाऊ दे."

मी म्हटलं असतं तर तो थांबला असता. एवढंसं वाक्य. संध्याकाळची शेकोटी, समोर बसलेलं माणूस, नावानं हाक. सारं माझ्या जिभेवर होतं. आणि तिकडे परक्या देशात ती पोर, पाण्यापलीकडे, कळा देत, दाराकडे पाहत. मी लक्ष्मीचंदच्या वेळी माझ्या बापाची वाट अशीच पाहिली होती. बाप आला होता म्हणून मी तगले.

मी देवघरातून ती पिवळी पोटली आणली आणि त्याच्या हातात दिली. मग अंगणात जाऊन रेंगीला बैल जुंपले.

"गडी कोठी आहे?" तुलसानं विचारलं.

"खळ्यावर. मीच हाकीन."

"आई! लोक काय म्हनतील?"

"लोकाईले म्हन, सासू बैल हाकून राहिली. दिसतेच त्याइले."

तुलसा पुढं आली, नंदलालच्या पाया पडली, आणि शिदोरीचं गाठोडं रेंगीत ठेवताना हळूच म्हणाली, "मामाजी, लवकर या." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

वाटेला दोन्हीकडे धान कापलेल्या बांध्या होत्या, नुसती धसकटं. मी पुढं कासरा धरून, तो मागं पाठीला पाठ लावून. एवढ्या वाटेत एकच बोलला.

"समुद्राचं भेव वाटते."

"मलेही वाटते," मी म्हटलं. मी समुद्र पाहिला नव्हता. मला वेगळ्याच गोष्टीचं भय वाटत होतं, ते सांगायची सवय नव्हती.

गोंदियाच्या फलाटावर ही गर्दी. हमाल ओरडत होते, "हटो माई, हटो!" मी हटले नाही. त्यांनाच वळून जावं लागलं. मेल आली. मी त्याला डब्यात चढवला, खिडकीशी जागा करून दिली, दोघांना कोपरानं सरकवलं. मग खाली उतरून खिडकीतून सांगितलं, कलकत्त्यात उतरलात की आधी घाट, मग अंघोळ, मग जेवण. शहर पाहत फिरायचं नाही. रांगेत पुढं उभं राहायचं. सावलीची जागा धरायची. तो नुसता मान हलवत होता. माझं सांगून संपलं आणि गाडी उभीच होती. मग मी सारं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

शिट्टी झाली. डबा हलला. तेव्हा त्यानं खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून माझं मनगट धरलं. साऱ्या फलाटासमोर!

"धुरपता… परत आलो तं माह्यासंग पाट लावशील?"

आमच्यात विधवेचं दुसरं लग्न होतं, त्याला पाट म्हणतात. होतं, पण कोवळ्या बायांचं. सून घरात आलेल्या बाईचं झालेलं कोणी पाहिलं नव्हतं. माझे कान तापले. गाडी सरकत होती, मी हात न सोडवता तिच्याबरोबर चालू लागले. मग पळू लागले. आणि धापा टाकत, साऱ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला सुनावलं:

"नंदलाल, तू चांगला मानूस आहेस, पन भित्रा आहेस! एवढे दिवस घरात बसून राहिलास अन् विचारलंस गाडी हालल्यावर. आता आईक. पोरीले अर्ध्यात टाकून पळत येशील तं दारात उभा करनार नाही. तिचं सारं नीट होऊ दे, मंग ये. आलास तं साऱ्या गावासमोर पाट लावीन. अन् नाही आलास… तं तू विचारलं होतंस, हे मी कोनाले सांगनार नाही."