कागदावर नॉर्मल

खोटं वाटलं तर वाटू दे. माझा मामा खोटं बोलणारा माणूस नाही. आयुष्यात एकदाच बोलला, आणि ही त्याचीच गोष्ट आहे.

मामा ॲम्ब्युलन्सवर पॅरामेडिक. त्या दिवशी भर दुपारी, सव्वादोनला कॉल आला. चौथा मजला. लिफ्ट बंद.

दार बाईंनी स्वतःच उघडलं. जबडा दुखतोय, पाठ दुखतेय, म्हणाल्या.

"छातीत?"

"छातीत नाही हो. उगाच तुम्हाला त्रास."

ईसीजीचं मशीन खाली गाडीत राहिलं होतं. पुन्हा चार मजले उतरायचे, पुन्हा चढायचे... मामाच्या जिवावर आलं.

"ॲसिडिटी आहे, ताई," म्हणाला. बाईंची सही घेतली. रिपोर्टमध्ये ठोकून दिलं, ईसीजी नॉर्मल.

संध्याकाळी बाई गेल्या. हार्ट अटॅक.

चौकशी लागली. साहेबांनी ईसीजीची पट्टी मागितली. नसलेली पट्टी आणणार कुठून? मामा रिकाम्या गाडीत डोकं धरून बसला.

आणि मशीन आपोआप सुरू झालं...

एकही वायर कुणाला लावलेली नव्हती.

तरी कागद सरकत बाहेर आला. त्यावर बाईंचं नाव. तीच तारीख, सव्वादोनची वेळ. आणि ठोके अगदी नॉर्मल...

मामाची पाचावर धारण बसली. पण कागद त्याने जमा केला. हो, केला. नोकरी वाचली.

त्यानंतर मामाने ज्याला मशीन लावलं, त्याची पट्टी नॉर्मल...

गाडीवरच्या जोडीदाराने लावलं की खरं दिसायचं.

एकदा जोडीदार रजेवर होता. एक दुकानदार, घामाने डबडबलेला. पट्टी नॉर्मल. या वेळी मामाने कागदाचं ऐकलं नाही. ॲस्पिरिन चघळायला दिली, सायरन लावून हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टरांनी पट्टी पाहिली. "नॉर्मल आहे. बाकावर बसवा."

"सर, अटॅकच आहे. पुन्हा काढा, तुमच्या मशीनवर."

"मशीनपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?"

खरं कारण सांगायची सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

दुकानदार बाकावरच गेला. त्याची बायको शेजारी त्याच्या चपला घेऊन बसली होती.

त्या डॉक्टरांचीही चौकशी झाली. त्यांनी मामाने काढलेली पट्टी पुढे केली, आणि तेही सुटले.

परवा तिथली नर्स मामाला हळूच म्हणाली, "आमच्या डॉक्टरांना काय झालंय कळत नाही. ते ईसीजी काढतात तेव्हा... सगळ्यांचाच नॉर्मल येतो."

मामाने घरी येऊन मला सगळं सांगितलं.

ते डॉक्टर आजही ड्युटीवर आहेत.