हातभर अंतर

त्या दुपारी मी मनोरुग्णालयाच्या वॉर्डात गेले ती नेहमीच्याच कामाला. शेजारच्या बाईवर जबरदस्ती केली म्हणून आमच्याकडे पाठवलेल्या एका चाळिशीच्या माणसाची ती शेवटची तपासणी होती. अंगानं थोराड, समज मात्र तोकडी. त्याला घरी सोडायचं की नाही, हे मी सांगायचं होतं. म्हातारी आई बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

त्याला सगळे होयबा म्हणत. काहीही विचारा, तो ‘हो’ म्हणायचा. सूर्य हिरवा असतो ना? हो. अशा माणसाला प्रश्न फार जपून विचारावे लागतात. उपचारांत आम्ही एक गोष्ट त्याच्याकडून घोटून घेतली होती: कुठल्याही बाईपासून हातभर लांब राहायचं. तो खरोखरच हात लांब करून मोजायचा आणि आम्ही हसायचो.

वीज गेली होती. बंद खोलीत फिनेलचा वास कोंडला होता. तो भिंतीला पाठ लावून, हात समोर ताणून उभा होता. समोर कोणी नव्हतं. मी तर अजून दाराशीच होते.

"ताई, ती हातभर अंतर सोडत नाही," तो हळूच म्हणाला. "तिलापण शिकवा ना..."

ती शेजारची बाई तर मागच्या थंडीतच वारली होती. आम्ही त्याला कळू दिलं नव्हतं.

मी मुद्दामच उत्तर त्याच्या तोंडी घातलं. "ती हसतेय ना?"

"नाही."

दोन वर्षांत हा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

"रडतेय..." त्याचा हात कोपरात हळूहळू वाकत होता, कुणी मागे रेटावा तसा. "तेव्हापण रडत होती. नको म्हणत होती. मला... मला कळलंच नाही, ताई."

जे कळावं म्हणून आम्ही जंग जंग पछाडलं, ते त्याला आता कळलं होतं. मला रडू आलं. तिच्यासाठी आणि त्याच्यासाठीही. ‘बाई, जरा मागे सरा’ असं त्या रिकाम्या जागेला म्हणावंसं वाटलं. पण ती विनवत होती तेव्हा कुणी मागे सरलं होतं का?

तेवढ्यात आई आत आली. "येतोस ना रे घरी?"

"नाही." दबकं, पण स्पष्ट उत्तर आलं.

आई मटकन खाली बसली. लेकानंच नकार दिला असं तिला वाटलं आणि मी तसंच वाटू दिलं. पण ते ‘नाही’ उमटलं तेव्हा मी त्याच्याकडेच बघत होते. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि तो आईकडे बघून, मान डोलवून, हो म्हणत होता.