एकतीस अंशांवरचं प्रवाळ

जनार्दन तांडेल सकाळी उठले की आधी प्रवाळाचं गाणं ऐकत. मालवणच्या समुद्रातलं प्रवाळ पांढरं पडून मरायला लागलं, तेव्हा प्रवाळ-दत्तक केंद्रानं त्याचे जिवंत तुकडे किनाऱ्यावरच्या घराघरांत, टाक्यांमध्ये सांभाळायला दिले होते. प्रत्येक टाकीत सुपारीएवढा एक नादक असे. प्रवाळाच्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवालं उजेडात प्राणवायू सोडतात. त्याची स्पंदनं पकडून नादक त्यांचा आवाज करी. मग दूर कुठेतरी भुंगा घुमतोय असं वाटे. तीस वर्षं तळाशी बुड्या मारून जनार्दनांची फुप्फुसं निकामी झाली होती. आता समुद्रच असा त्यांच्या घरी आला होता.

त्या मंगळवारी गाणं लागलंच नाही. तुकडा खडूसारखा पांढरा पडला होता.

सून सुवर्णा त्याच केंद्रात कामाला होती. तिनं पाणी तपासलं. क्षार ठीक, नायट्रेट ठीक, दिवा नेहमीचाच. टाकीच्या पडद्यावर तापमान सव्वीस.

"बाबा, कुठे काही चुकलेलं दिसत नाही. पण शैवालं सोडून गेलीत. त्यांच्याशिवाय हे उपाशी मरेल."

जनार्दनांनी कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि डोळे मिटले. "गो, पाणी ऊन लागता."

"सव्वीस दाखवतंय."

"माझो हात नाय दाखवत."

सुवर्णानं काचेचा साधा तापमापक बुडवला. एकतीस! टाकीतल्या संवेदकावर चुन्याचं कवच चढलं होतं, आणि त्याच्यावर विसंबून पाणी गार ठेवणारा शीतक स्वस्थ बसला होता. तिनं कवच खरवडलं, दिवा मंद केला. पाणी रोज अर्धा अंश गार करायचं ठरलं.

तिसऱ्या दिवशी नादक पुन्हा बोलला, पण सूर वेगळा होता. खर्जातला, भिंतीपलीकडे कुणी शंख फुंकावा तसा. प्रवाळाच्या एका कोपऱ्यावर अंगठ्याएवढा गडद तपकिरी डाग उमटला होता.

सुवर्णानं तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. "ही जुनी शैवालं नाहीत, बाबा. ही उष्णता सोसणारी जात. चिमूटभर कुठेतरी लपून असणार. घर रिकामं झालं तशी राहायला आली. पाणी गार झालं की जुनी परत येऊन यांना हुसकावतील."

"दर्यात आज किती असा?"

सुवर्णानं फोनवर केंद्राची नोंद पाहिली. "एकतीस."

"मगे ह्यो कोपरो गार करू नको."

"केंद्राचा नियम सव्वीसचा आहे. आणि चुकलं, तर हाही जाईल."

तरीही तिनं तो कोपरा कापून वेगळ्या बरणीत, ऊन पाण्यात ठेवला. मोठा तुकडा मात्र सावरला नाही. पंधरवड्यात त्याच्यावर बुळबुळीत थर चढला. जनार्दन दिवसभर त्याच्याजवळ बसून राहिले. बरणीतला कोपरा आपल्या खर्जात घुमत होता.

चार महिन्यांनी, भर सकाळी, होडी जनार्दन पूर्वी बुड्या मारत त्या खडकापाशी थांबली. सुवर्णा कोपरा घेऊन खाली गेली. जनार्दन कडेला रेलून तिचे बुडबुडे पाहत राहिले. त्यांचं मनही तिच्याबरोबर पांढऱ्या, मुक्या फांद्यांमधून तरंगत खाली उतरत गेलं.

ती वर आली. "लावला."

"खाली आणखी काय दिसला?"

"काही नाही. सगळं ओसाड." तिनं तोंडावरचं पाणी निपटलं. "पण बाबा, मी हात काढायच्या आधीच एक पिवळा मासा येऊन त्याच्याशेजारी थांबला."

जनार्दनांनी कडेवरून हात पाण्यात घातला.

"त्येका कोणी सांगितल्यान गो?"